एक लिटर रस, साडेआठशे लिटर पाणी

(सोलापुरात द्राक्ष बागायतदार, वायनरीचालक आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवे नाही. सोनाका हे वाण आपल्या नान्नजचे, बेदाण्याच्या शेडही आपल्याकडे जुन्याच आहेत, आणि अलीकडच्या काळात अकलूजच्या बाजूला वाइनच्या द्राक्षांचे मळेही उभे राहिले. राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले तेव्हापासून वाइनवर पुष्कळ बोलले गेले आहे. वायनरीच्या मोरीतून जे वाहून जाते त्यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

वायनरीचालक बहुधा प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस हातात पडल्यावर मला बोलावतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात की कोणते यंत्र बसवायचे. मी त्यांना विनंती करतो की यंत्राचे नंतर पाहू, आधी संध्याकाळी फरशी धुतात त्या वेळी मला आत उभे राहू द्या. माझ्या अनुभवात नियमभंगाचे मूळ ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, क्वचितच सापडते; ते द्राक्षे चिरडणाऱ्या क्रशरखालच्या फरशीवर सापडते.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. वाइनच्या पक्व द्राक्षांच्या एका लिटर रसात सुमारे 200 ग्रॅम साखर असते. ती पूर्ण कुजायला जेवढा प्राणवायू लागतो त्याला आपण सीओडी म्हणतो, आणि एक ग्रॅम साखरेला तो एक ग्रॅमहून थोडा अधिक लागतो. म्हणजे त्या एका लिटरची सीओडी भरते सुमारे 2 लाख 13 हजार मिलिग्रॅम. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरमागे 250 मिलिग्रॅम. सांडलेला एक लिटर रस या मर्यादेत आणायला साडेआठशे लिटर स्वच्छ पाणी लागेल, आणि पाणी मिसळून आकडा खाली आणणे ही प्रक्रिया नव्हेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना या साडेआठशे लिटरचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

रस आंबून वाइन झाली की हा भार कमी होत असेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. साखरेचे मद्यार्कात रूपांतर होताना जो कार्बन डायऑक्साइड उडून जातो त्याला प्राणवायूची गरजच नसते. प्राणवायूची सगळी भूक मद्यार्कात शिल्लक राहते. सांडलेला रस आणि सांडलेली वाइन ओढ्यासाठी जवळजवळ सारखीच जड आहे.

आता कायद्याकडे वळू. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 25 नुसार सांडपाणी सोडणारा उद्योग उभारण्यापूर्वी आणि चालवण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदी-ओढ्यात सोडताना बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आत आणि शेतीला देताना 100 मिलिग्रॅमच्या आत हवा. सामू (पीएच) दोन्हीकडे 5.5 ते 9. तथापि आपल्याला बांधील असतो तो आपल्या संमतीपत्रात छापलेला आकडा, आणि तो याहून कडक असू शकतो. संमतीपत्र फाइलमध्ये ठेवून विसरलेले मालक मी इतके पाहिले आहेत की आता मी पहिल्या भेटीतच त्यातील अटींचे पान मोठ्या अक्षरांत छापून ईटीपीच्या भिंतीवर लावायला सांगतो.

एका वायनरीची गोष्ट सांगतो. तिचे नमुने ऐन हंगामात बरे येत आणि मे महिन्यात, द्राक्षाचा घडही आवारात नसताना, नापास होत. मालकांचा संशय प्रयोगशाळेवर होता. मी एक रात्र समीकरण टाकीच्या, म्हणजे सगळे सांडपाणी आधी एकत्र येते त्या टाकीच्या, कठड्यापाशी बसून काढली. साडेदहाच्या सुमारास फिकट गुलाबी पाण्याची धार एकाएकी जांभळी आणि दाट झाली, सामू-पट्टीचा रंग बदलला, आणि वासावरूनच कळले की हा टाकीच्या तळाचा गाळ आहे. वाइन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत निवळून घेतल्यावर रिकामी टाकी पाइप लावून धुतली जात होती, आणि मृत यीस्टचा तो सगळा चिखल मोरीत जात होता. धुणारे मामा पंधरा वर्षे तेच काम करत होते. ते म्हणाले, “साहेब, टाकी धुवा म्हणाले, मी धुतली. गाळ कुठे टाकायचा ते कोणी सांगितलं नाही.” मामांचे काहीच चुकले नव्हते. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाशी 200 लिटरचा एक ड्रम आणि लांब दांड्याचा रबरी वायपर आला. आधी गाळ ओढून ड्रममध्ये, मग थोड्या पाण्यात धुणे. तो गाळ चोथ्याबरोबर कंपोस्टच्या ढिगात जाऊ लागला. मात्र ढीग पक्क्या फरशीवर हवा आणि त्याचा निचरा ईटीपीतच यायला हवा, नाहीतर मोरीतले पाप आपण फक्त बांधावर नेतो.

टाक्या धुवायच्या कॉस्टिक सोड्याबद्दल मला विशेष कळकळीने बोलायचे आहे, कारण इथे नुकसान ओढ्याचे नसून आपल्याच बागेचे असते. एक किलो कॉस्टिकमध्ये 575 ग्रॅम सोडियम असते. साखर आणि मद्यार्क जीवाणू खाऊन टाकतात; सोडियम कोणीही खात नाही. प्रक्रिया केलेले पाणी बीओडीच्या कसोटीला उतरले तरी ते सोडियम घेऊनच आपल्या काळ्या भारी जमिनीत उतरते, चिकणमातीचे कण विलग करते, आणि काही वर्षांनी पाणी न मुरणारे चोपण रान तयार होते. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांनी ते पाहिले आहे. शक्य तिथे कॉस्टिक पोटॅश वापरावे. ते महाग पडते, पण पालाश निदान पीक उचलते. त्याचाही अतिरेक नको. एका टाकीचे धुण्याचे द्रावण पुढच्या टाकीला वापरले तर खर्चही निभावतो. आणि ज्या शेताला हे पाणी देता तिथली माती दरवर्षी तपासून घ्या.

एक लिटर वाइनमागे साधारण एक ते चार लिटर सांडपाणी निघते, आणि त्यातले बरेचसे जानेवारी ते मार्च या काळात एकदम येते. कॅलिफोर्नियाच्या राज्य जल मंडळाने 2021 मध्ये वायनरींसाठी राज्यभर एकच आदेश काढला आणि वर्षभरात किती पाणी निघते त्यावरून त्यांचे स्तर ठरवले. लहान वायनरीवर मोठ्या वायनरीइतका बोजा पडू नये हा विचार मला योग्य वाटतो. पण त्यासाठी आपले पाणी मोजलेले असावे लागते, आणि आपल्याकडे धुण्याच्या नळावर स्वतंत्र मीटर अजून फार थोड्यांनी लावला आहे.

राहिला ईटीपी. या पाण्यात साखर भरपूर, नत्र आणि स्फुरद नगण्य. जीवाणूंना बीओडीच्या 100 भागांमागे 5 भाग नत्र आणि 1 भाग स्फुरद लागते, म्हणून युरिया आणि डीएपी मोजून द्यावे लागते. न दिल्यास ईटीपीतला जीवाणूंचा गाळ फुगतो आणि निवळीबरोबर बाहेर पडतो. एक लिटरच्या मापात वायुवीजन टाकीतले, म्हणजे जीवाणूंना हवा देतात त्या टाकीतले, पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा; गाळ किती खाली बसला ते रोज वहीत लिहा. बिघाड अहवालात दिसण्याच्या कितीतरी आधी तो या मापात दिसतो. आणि नऊ महिने उपाशी ठेवलेली टाकी द्राक्षांच्या पहिल्या ट्रॉलीच्या दिवशी काम करणार नाही. ताज्या शेणाची रबडी किंवा चालू ईटीपीतला गाळ घालून, थोडा गूळ देत, ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जागवायला घ्या.