कुस्करायची की बुडवायची?

श्रोते हो, नमस्कार.

१९३१ सालचा फेब्रुवारी महिना. अमेरिकेत मंदीने लोक टेकीला आलेले, दक्षिणेत कापसाला भाव नाही, आणि अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या दैनिकात वाद कशावर पेटलाय, तर मक्याची भाकरी भाजीच्या पाण्यात कुस्करून खावी की तुकडा बुडवून! बुडवणाऱ्यांचे पुढारी लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग, आणि कुस्करणाऱ्यांचे त्या दैनिकाचे एक संपादक ज्युलियन हॅरिस. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला, बाकीच्या वर्तमानपत्रांनी त्यात उडी घेतली, आणि तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर असलेले फ्रँकलिन रूझवेल्टसुद्धा गमतीने या भांडणात सामील झाले. आमटीत भाकरी कुस्करणारा आणि तुकडा मोडून लावून खाणारा, असे दोघे ज्या घरात एका पंगतीला बसतात, त्या घराला या वादाचं नवल वाटायचं कारण नाही.

ती भाकरी होती कॉर्नपोन. मक्याचं पीठ, मीठ, पाणी, जमलं तर चमचाभर चरबी, बस्स. घरात अंडं आणि ताक आलं की त्याच पिठाचा होतो कॉर्नब्रेड. टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी या पट्ट्यात तो बिडाच्या तव्यात भाजतात. आपल्या घावण्याच्या तव्यापेक्षा याच्या कडा उंच, दोनेक इंच. त्याला तिकडे स्किलेट म्हणतात. आज बोलायचंय ते याच कॉर्नब्रेडबद्दल.

मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाच्या रानगवतातून माणसांनी तो घडवला. तिथून तो उत्तरेकडे सरकत गेला. युरोपातले लोक अमेरिकेच्या आग्नेय भागात येऊन पोचले तेव्हा चेरोकी, चोक्टॉ, क्रीक या लोकांचं मुख्य अन्न मकाच होतं. या नव्या पाहुण्यांना हवा होता गहू. पण तिथल्या दमट उकाड्यात गव्हावर तांबेरा पडायचा, आणि मका मात्र जोमाने यायचा. मग झक मारत मका खाल्ला आणि पुढे त्याच्यावाचून चालेनासं झालं. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या माणसांना आठवड्याचा शिधा मिळायचा तो मुख्यतः मक्याच्या पिठाचा, बरोबर थोडं खारवलेलं डुकराचं मांस. त्या पिठाचे गोळे राखेत भाजून, झटकून, धुऊन खात. त्याला ॲशकेक म्हणत. आज हौसेने खाल्ल्या जाणाऱ्या कॉर्नब्रेडच्या मागे हे सगळं आहे, आणि त्या भागातली माणसं ते विसरलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र नव्याने आलेल्यांनी शिकून घेतली नाही, आणि ती फार महागात पडली. तिथले मूळ रहिवासी मक्याचे दाणे लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळत, मेक्सिकोत चुन्याच्या निवळीत. साल सुटते म्हणून हे करतात, असंच बघणाऱ्याला वाटणार. पण मक्यात नायसिन नावाचं जे जीवनसत्त्व असतं, ते अशा रूपात अडकलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते घेता येत नाही. चुना किंवा राख ते मोकळं करते. गोऱ्यांना वाटलं, दाणे दळायला जातं आहेच, मग राखेचा उपद्व्याप कशाला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या गरीब घरांत पेलाग्रा पसरला. आधी उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन सोलते, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश, आणि शेवटी मृत्यू. हजारो माणसं गेली. बहुतेकांची खात्री की हा साथीचा रोग आहे. १९१४ साली सरकारने डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांनी पाहिलं की अनाथालयातल्या आणि वेड्यांच्या इस्पितळातल्या रहिवाशांना हा रोग होतो, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. ही कसली साथ, जी नोकरमाणसाला शिवत नाही? त्यांनी आहार बदलून रोग हटवून दाखवला. तरी लोक मानेनात, तेव्हा रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, बायकोलाही टोचलं. काही झालं नाही. अमुकच घटक कमी पडतो हे कळायला मात्र १९३७ उजाडलं. विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी ते नायसिन असल्याचं दाखवलं. तोवर गोल्डबर्गर वारले होते.

हा रोग आपल्या दख्खनलाही अनोळखी नाही. हैदराबादच्या परिसरात ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांमध्ये तो आढळायचा. डॉक्टर सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास त्यावर काम केलं. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाच्या आधिक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यावर पुढे पुष्कळ वादही झाला. पण मका काय, ज्वारी काय, दोन्हीकडे रोग गाठायचा तो नुसत्या भाकरीवर जगणाऱ्याला. ताक, डाळ, अंडं ज्याच्या ताटात आहे त्याला घाबरायचं कारण नाही.

आता साखरेचं भांडण. ते कुस्करण्या-बुडवण्याइतकंच चिवट आहे. उत्तरेकडे कॉर्नब्रेडमध्ये गव्हाचा मैदा आणि साखर घालतात, तो केकच्या वळणावर जातो. दक्षिणेतले जुन्या वळणाचे लोक म्हणतात, साखर घातलीत की तो कॉर्नब्रेड राहिलाच नाही. अर्थात दक्षिणेतल्या कित्येक आफ्रिकी-अमेरिकी घरांत चमचाभर साखर चालते, तेव्हा नकाशावर सरळ रेघ ओढता येत नाही.

मला यातलं गिरणीचं उत्तर पटतं. पूर्वी ओढ्याकाठी पाणचक्क्या असत, दगडी जात्यांच्या. शेतात वाळलेला मका त्यांत अख्खा दळला जाई, अंकुरासकट. तेल अंकुरातच असतं आणि बराचसा स्वादही. मग पोलादी रुळांच्या मोठ्या गिरण्या आल्या. तेलामुळे पीठ खवट होतं म्हणून त्यांनी अंकुर काढूनच टाकला. पीठ महिनोन्‌महिने टिकायला लागलं आणि बेचव झालं. ती उणीव भरून काढायला साखर आली, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणून माझं मत विचाराल तर साखरेशी भांडण्यापेक्षा गिरणीवाल्याशी दोस्ती करा. ओळखीच्या गिरणीत पिवळा मका न्या आणि रवाळ दळून मागा. फार बारीक नको. आणि दळलेलं पीठ डब्यात पडून राहू देऊ नका. आणखी एक सावधगिरी, दुकानात 'कॉर्नफ्लोअर' मागितलंत तर सूप दाट करायचं पांढरं स्टार्च हातात पडेल. त्याचा कॉर्नब्रेड होत नाही, खळ होते.

आणि आता तवा. टेनेसी नदीच्या काठी साउथ पिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथे जोसेफ लॉज यांनी १८९६ साली बिडाच्या भांड्यांचा ओतकाम कारखाना काढला. १९१० साली तो आगीत भस्मसात झाला. त्यांनी काही अंतरावर पुन्हा उभा केला, तो आजही चालू आहे. १९९७ पासून या गावात एप्रिल महिन्यात कॉर्नब्रेडचा महोत्सव भरतो.

बीड हा उष्णता वाहून नेण्यात मंद धातू आहे, ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी पुढे. मग बिडाचाच हट्ट का? वजनामुळे. दहा इंची स्किलेट दोन किलोच्या वर भरतो. एवढं लोखंड एकदा तापलं की थंडगार पीठ ओतलं तरी त्याची धग उतरत नाही. पातळ भांडं मात्र पीठ पडताक्षणी गार होतं, आणि मग पीठ तळाशी चिकटून बसतं. कॉर्नब्रेडची सगळी मजा त्याच्या खालच्या खरपूस पापुद्र्यात आहे. तो पहिल्या मिनिटात झाला तर झाला, नाहीतर नाही. सिलिकॉनच्या रंगीत साच्यात हे होत नाही, कोणी काहीही सांगो.

करायचं असं. दहा इंची तव्याला दोन कप रवाळ मक्याचं पीठ, एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दोन अंडी. दोन कप दाट ताक. तिकडचं बटरमिल्क आपल्या ताकाहून बरंच घट्ट असतं, तेव्हा दीड कप आंबटसर दही अर्धा कप पाण्यात घुसळून घ्या. दही गोड असेल तर सोडा नीट फुलत नाही आणि वर साबणासारखी चव मागे राहते. गव्हाचं पीठ अजिबात नाही. गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं ग्लुटेन मक्यात नसतं, त्यामुळे पीठ मळायचं-मुरवायचं काही नाही. इथे बांधून धरण्याचं काम अंडं आणि शिजलेलं स्टार्च करतं.

पीठ कालवण्याआधी तवा ओव्हनमध्ये ठेवा आणि ओव्हन २२० अंशांवर चांगला तापू द्या. तिकडे बेकनची जमवून ठेवलेली चरबी घालतात. आपल्याकडे साजूक तूप उत्तम, चार मोठे चमचे. लोण्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेला जळतो, तुपात तो नसतो. शेवटची काही मिनिटं तूप तव्यात घालून तवा पुन्हा आत सरकवा. मग ओलं आणि कोरडं एकत्र करा, पळीने चार वेळा फिरवा, गुठळ्यांची फिकीर करू नका. तवा बाहेर काढा, दोन्ही हातांनी, जाड फडकं घेऊन. निम्मंअधिक तूप पिठात ओता, ढवळा, आणि लगेच ते पीठ तव्यात मधोमध सोडा.

इथे कान द्यायचा. चर्र आवाज आलाच पाहिजे. पीठ पसरत कडेला जातं, तसं उरलेलं तूप त्याच्या पुढे ढकललं जाऊन कडेने वर येतं आणि बारीक बुडबुड्यांची एक झालर धरतं. ती कड तिथल्या तिथे रंग बदलते, आधी गडद पिवळी, मग बदामी. आवाज आला नाही तर तवा पुरेसा तापला नव्हता. त्याला आता इलाज नाही, तसाच भाजा आणि पुढच्या वेळी थांबा. सोडा आणि दह्याची आंबटाई यांची झटापट केव्हाच सुरू झालेली असते, म्हणून कालवलेलं पीठ ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

वीस ते पंचवीस मिनिटं. वर हलक्या भेगा दिसतात, कडा तव्यापासून सुटते. बाहेर काढून पाच मिनिटं तसाच राहू द्या, मग ताट पालथं घालून एका झटक्यात उलटवा. खालची बाजू वर येते, तीच मिरवायची. वर झाकण घालू नका, वाफ धरली की पापुद्रा मऊ पडतो.

घरी ओव्हन नाही? मग त्याच पिठाचे तव्यावर लहान लहान, तळहाताएवढे गोल घाला, दोन्ही बाजूंनी भाजा. त्याला होकेक म्हणतात. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन माउंट व्हर्ननच्या वाड्यात सकाळी लोणी आणि मधात भिजवलेले होकेक खात.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत चवळी, पालेभाजी आणि कॉर्नब्रेड असा बेत असतो. चवळी म्हणजे नाणी, पालेभाजी म्हणजे नोटा, आणि पिवळा कॉर्नब्रेड म्हणजे सोनं. भाजी असते कोलार्ड किंवा सलगमाच्या पाल्याची, डुकराच्या हाडासोबत तासन्‌तास शिजवलेली. तिचं जे पाणी उरतं ते पॉटलिकर, सुरुवातीच्या वादातलं तेच. आपल्या स्वयंपाकघरात चवळीची उसळ आणि लाल माठ घ्या, चालून जातं.

शिळ्या कॉर्नब्रेडची सोय तर सगळ्यांत सोपी. उंच पेल्यात चुरा भरायचा, वरून गार ताक ओतायचं आणि चमच्याने खायचं. तिकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण वर्षानुवर्षं हेच होतं. वरून मीठ आणि बारीक चिरलेला कांदा घातलात तर मी काही आड येणार नाही. तवा मात्र रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. गरम पाण्याने धुवा, मंद आचेवर कोरडा करा, बोटावर मावेल एवढं तेल लावून ठेवा. नमस्कार.