बरें आसा

(पहाट. वाळपईचा बसस्टँड.)

पावणेसहा. कदंबची गाडी सुटायला अजून दहा मिनिटे आहेत. खिडकीजवळच्या माणसाच्या गळ्यात मऊ पंचा आहे, पण तो थंडीसाठी नाही. लाईट चालू असली की मानेच्या कातडीला शर्टाची कॉलर सोसत नाही. लाईट म्हणजे रेडिएशन. पेशंटांच्या तोंडी हाच शब्द.

वय ५९. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूची बागायत. चवथीला वाड्यावरच्या आरत्यांना घुमट, म्हणजे चामडे ताणलेले मातीचे वाद्य, यांचेच. गालाच्या आत गाठ आली, तुकडा तपासला, ऑपरेशन झाले. आता लाईट: आठवड्याचे ५ दिवस, ६ आठवडे, एकूण ३० वेळा. आज १९वी. गोव्याने गुटख्यावर २००५ साली कायद्याने बंदी आणली, पण यांची तंबाखू चुन्याबरोबर मळायची. ती त्याच्या कितीतरी आधीपासून खिशात होती.

(डॉक्टरांच्या खोलीचे बंद दार.)

हॉस्पिटलचे नाव घ्यायचे नाही आणि या दाराच्या आत यायचे नाही, या अटींवर आम्हाला चित्रीकरण करू दिले. आतले बोलणे त्यांच्या पत्नीने सांगितले. फार नसतेच ते. "कशें आसा?" "बरें आसा." जेवण उतरत नाही, रात्री झोप नाही, हे सगळे मग ती सांगते. पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ साली निघाली. तेव्हापासून आमच्या घराघरांत एकच शिकवण: दोतोर सांगता तें आयकुपाचें. दोतोराला काही सांगायचेही असते, हे बापयांना, म्हणजे पुरुषांना, कोणी शिकवले नाही.

(गरम पाण्याचा टब. पांढरी जाळी.)

हा मुखवटा. प्लास्टिकची सपाट, कडक जाळी. सुमारे ७० अंशांच्या पाण्यात ती काही मिनिटांत ओल्या फडक्यासारखी लुळी पडते. पाणी निथळून चेहऱ्यावर ताणायची, नाक-हनुवटीशी बोटांनी दाबायची, गार होईपर्यंत धरून ठेवायची. मग ती त्या एकाच चेहऱ्याची होते, दुसऱ्या कोणाला बसत नाही. रोज ती तोंडावर चढवून टेबलाला क्लिपांनी अडकवतात, कारण किरण रोज नेमके त्याच जागी पडायला हवेत. डोके तसूभरही हलत नाही. तोंड उघडता येत नाही. जाड भिंतींच्या खोलीत माणूस एकटा, आणि बाहेर पडद्यावर त्याला बघणारा टेक्निशियन.

सूचना एकच. काही वाटले तर हात वर करा.

१८ दिवसांत हात एकदाही वर झाला नव्हता.

(पडदा. टेबलावरचे पाय.)

पेडण्याच्या या तरुण टेक्निशियनने चौथ्या दिवशी पायांची बोटे पाहिली. आखडलेली. "घाबरलात का?" असे त्याने विचारले नाही. क्लिपा सोडताना म्हणाला, "काका, घुमट कुठल्या हाताने वाजवता?" उजव्या हाताची थाप चामड्यावर, डावा हात मागच्या तोंडावर, वारा कोंडायला नि सोडायला. काका पाच मिनिटे बोलले. ऑपरेशननंतर सलग एवढे पहिल्यांदाच, असे पत्नी म्हणते.

त्यानंतर मुखवटा निघाला की रोज काही ना काही निघते. लाळ गळते, म्हणून बायकोसमोर जेवायला लाज वाटते. तंबाखू सोडली असे डॉक्टरांना सांगितले, पण पुडी अजून पँटच्या खिशात आहे. पुडीची गोष्ट त्यांच्याच संमतीने डॉक्टरांपर्यंत गेली. ओरडा बसला नाही, समुपदेशकाची वेळ मिळाली. टेक्निशियनच्या कामाच्या यादीत यातले काहीच नाही. असायला हवे.

(आईस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा.)

जबडा आखडू नये म्हणून हा व्यायाम. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. सुरुवात ८ काड्यांपासून झाली, आज १३ बसल्या. वजन घटले, यंदाचा काजूचा हंगाम दुसऱ्याच्या हाती गेला.

(मशीनची खोली. दार बंद होते.)

क्लिपा लागल्या. दिवा लाल. काही सेकंद फक्त मशीनची घरघर.

हात वर.

मशीन थांबते, दार उघडते, टेक्निशियन आत धावतो. मुखवटा निघाल्यावर काका उठून बसतात, घसा साफ करतात. चिकट थुंकी अडकली होती, एवढेच. पाणी पितात, पुन्हा आडवे होतात. चार मिनिटे गेली. बाहेर पुढचा पेशंट चपला काढून उभा आहे.