ताप गेल्यानंतरचा मेंदू

नमस्कार श्रोतेहो.

शिरपूरकडच्या एका आईचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. मुलगा मेंदूज्वरातून उठला होता. ती म्हणाली, "डॉक्टर, ताप गया, पन पोऱ्या पहिलासारखा नही." तो चालायचा, जेवायचा, पण पाढे विसरला होता. दुकानात पाठवलं तर काय आणायचं ते वाटेतच हरवायचं.

मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात. शिकलेलं टिकतं ते मुख्यतः त्यांच्यामधल्या जोडांमुळे. दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते आणि बहुतेक निरोप रसायनाच्या रूपाने ती ओलांडतात. या जोडांची निगा मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी राखतात. केळीच्या बागेत मुख्य झाडाला जोर मिळावा म्हणून आपण पिलं कापतो ना, तशा त्या वाढत्या मेंदूतले नको असलेले जोड छाटतात.

विषाणू शिरला की हाच विळा भलतीकडे चालू शकतो. वेस्ट नाईल विषाणूतून वाचलेल्या उंदरांवरचं संशोधन 2016 साली प्रसिद्ध झालं. स्मरणाच्या भागातल्या पेशी बऱ्याच शाबूत होत्या, जोड मात्र कमी झाले होते. मला वाटतं, त्या आईच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून चेतातंतूत शिरतो आणि त्यातूनच मेंदूकडे सरकतो. म्हणून कुत्रा चावला की जखमेला हळद-चुना लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. लक्षणं दिसू लागली की आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही.

रेबीजच्याच कुळातला चांदीपुरा विषाणू 1965 साली नागपूरच्या चांदीपुरा भागात सापडला. 2024 मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत त्याने मुलं दगावली. नवापूर, नंदुरबारकरांनी तर हे ध्यानात ठेवावंच. तो वाळूमाशीतून पसरतो आणि ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. भेगा लिंपून घ्या, मुलांना मच्छरदाणीत झोपवा. तापात मूल झटके देऊ लागलं किंवा हाक मारूनही डोळे उघडेना, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.

त्या आईला मी सांगितलं, पाढे पुन्हा 'बे एके बे'पासून घ्या, मुलांच्या मेंदूत नवे जोड धरतात. दिवाळीनंतर दोघं आले. मुलगा बारापर्यंत धडाधड म्हणाला, तेरावर अडकला, आईकडे पाहिलं आणि तेराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.