नवं फूल, जुनं कपाट

श्रोतेहो, नमस्कार. वनस्पतीची नवी प्रजाती सापडली म्हटलं की डोळ्यांपुढे जंगल येतं, चिखल तुडवत निघालेला संशोधक येतो. खरं सांगायचं तर पुष्कळ नव्या प्रजाती सापडतात त्या कपाटात!

व्हिक्टोरिया बोलिव्हियाना या वॉटर लिलीचंच बघा. लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात तिचे वाळवलेले नमुने १७७ वर्षं होते. पण ही व्हिक्टोरिया अमेझॉनिकाच, असं सगळे धरून चालले होते. एवढ्या जाणकारांच्या कसं लक्षात आलं नाही? त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हिचं पान तीन मीटरहून रुंद होतं. ते दाबून, वाळवून कागदावर चिकटवायचं कसं? फूल तर आणखी अवघड. ते उमलतं रात्री. पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी, की आटोपलंच. वाळल्यावर त्यातलं काय उरणार?

बोलिव्हियातून बिया आल्या, क्यूमध्ये अमेझॉनिका, क्रूझियाना आणि ही, अशा तिन्ही प्रकारच्या व्हिक्टोरिया शेजारी शेजारी वाढवल्या, तेव्हा फरक उघड झाला. क्यूमधले उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांना आधीपासूनच शंका होती. चित्रकार लूसी स्मिथ तर रात्री काचघरात बसून फुलं रेखाटत. काट्यांची ठेवण वेगळी, बियांचा आकार वेगळा. डीएनएनंही तीच साक्ष दिली.

एवढ्यानं भागत नाही, बरं का. एक नमुना प्रारूप म्हणून मुक्रर करून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे वाद झालाच तर तो काढून पाहायचा. जवळच्या प्रजातींपासून ही वेगळी कशी, ते लिहून प्रसिद्ध करावं लागतं. २०११ अखेरपर्यंत हे लॅटिनमध्येच लिहावं लागे. आता इंग्रजीही चालतं. सुटले बिचारे! बोलिव्हियानाचं हे सगळं पार पडलं २०२२ च्या जुलैत.

आणि ही काही एकटी नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुलझाडांच्या नव्या प्रजातींचा हिशोब मांडला होता. पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या प्रजाती निघाल्या जेमतेम १६ टक्के. जवळपास पाव प्रजातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने कामी आले होते. ज्यांचं वर्णन अजून व्हायचंय, अशा प्रजातींपैकी निम्म्या तरी आधीच गोळा होऊन संग्रहालयांत पोचल्या असाव्यात, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.