केंद्रघनता: डाळिंबाच्या क्रेटपासून पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत

[दृश्य: आटपाडी, सांगली जिल्हा. पॅकिंग शेड. रिकामा प्लॅस्टिक क्रेट, शेजारी प्रतवारी केलेली डाळिंबं.]

निवेदन:
हा क्रेट आतून ५० सेंटिमीटर लांब, ३४ रुंद आणि २८ उंच. डाळिंबं ८० मिलिमीटर व्यासाची. हिशेबापुरती ती अगदी गोल धरू. किती बसतील?

सरळ रांगा धरल्या आणि फळावर फळ ठेवलं, तर लांबीत ६, रुंदीत ४, उंचीत ३. झाली ७२.

आता दुसरी रांग अर्ध्या फळाने सरकवू. प्रत्येक फळ आधीच्या रांगेतल्या दोन फळांच्या बेचक्यात येतं. रांगांमधलं अंतर ८ सेंटिमीटरवरून ६.९३ वर येतं, पण रुंदीत रांगा चारच मावतात: ६, ५, ६, ५. थरात २२ फळं. सरळ मांडणीत २४ होती, म्हणजे पहिल्या थरात दोन फळं कमीच बसली.

फायदा उंचीत आहे. दुसऱ्या थराचं फळ खालच्या तीन फळांमधल्या खळग्यात बसतं, त्यामुळे पुढचा प्रत्येक थर ८ ऐवजी फक्त ६.५३ सेंटिमीटर उंची खातो. चार थरांची उंची २७.६ सेंटिमीटर. तिथे तीन थर होते, इथे चार बसले. एकूण ८८.

[दृश्य: क्रेटच्या कडेवर आडवी पट्टी, तिच्याखाली बोटभरही नसलेली फट.]

निवेदन:
वर उरली फक्त ४ मिलिमीटर. म्हणून प्रतवारी काटेकोर हवी. फळाचा व्यास ८२ मिलिमीटर निघाला, तर चार थरांची उंची २८.३ सेंटिमीटर होते. वरचा थर कडेच्या ३ मिलिमीटर बाहेर येतो, त्यावर ठेवलेला क्रेट कडेवर न टेकता फळांवर टेकतो आणि वरच्या क्रेटचं सगळं वजन सालीवर जातं. लहानमोठी फळं मिसळली तर खळगेच नीट जमत नाहीत, तिसऱ्या थरापासून रचना विस्कटते. शिवाय डाळिंबाचं पाकळ्यांचं टोक शेजारच्या फळाला बोचतं, म्हणून ते आडवं किंवा फटीकडे वळवून ठेवावं लागतं.

गणितात या मांडणीचं मोजमाप असं करतात: गोळ्याची त्रिज्या १ धरायची आणि एक एकक घनफळात किती गोळ्यांची केंद्रं येतात ते मोजायचं. हीच केंद्रघनता. सरळ मांडणीची केंद्रघनता ०.१२५, खळग्यांतल्या मांडणीची ०.१७६८. दुसरी पहिलीपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त. एका गोळ्याच्या घनफळाने, म्हणजे ४.१८९ ने, गुणलं की भरलेली जागा मिळते: पहिलीत ५२ टक्के, दुसरीत ७४ टक्के.

यापेक्षा घट्ट मांडणी नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये सांगितलं. सिद्धता मात्र गणिती थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली, आणि संगणकाने तिची एकेक पायरी तपासून पूर्ण व्हायला २०१४ उजाडलं. फळवाले पिढ्यान्‌पिढ्या जे हाताने करत आले, त्यावर शिक्कामोर्तब व्हायला चारशे वर्षं लागली. गणित किती अवघड असू शकतं, याचं हे फार सुंदर उदाहरण आहे.

हा आकडा वापरायचा कसा? केंद्रघनतेला त्रिज्येच्या घनाने भागायचं आणि जागेच्या घनफळाने गुणायचं. त्रिज्या ४, तिचा घन ६४. क्रेटचं घनफळ ४७,६०० घन सेंटिमीटर. उत्तर येतं १३१ डाळिंबं. पण आपण तर ८८ भरली!

चूक सूत्राची नाही. ते अमर्याद जागेसाठी आहे. क्रेटला भिंती आहेत, आणि कुठलंही केंद्र भिंतीच्या ४ सेंटिमीटर आत येऊच शकत नाही. फळाच्या मानाने पेटी जितकी लहान, तितकी ही तूट मोठी. गोदामाचा किंवा क्रेटचा अंदाज थेट सूत्रावरून काढला की मालाचा हिशेब चुकतो तो इथेच.

[दृश्य: तांब्याची तार, मग अणुरचनेचं रेखाचित्र.]

निवेदन:
भिंती नगण्य झाल्या की सूत्र किती नेमकं चालतं, ते तांब्यात दिसतं. तांब्याचे अणू याच खळग्यांच्या मांडणीत असतात. अणूची त्रिज्या ०.१२७८ नॅनोमीटर. ०.१७६८ ला तिच्या घनाने भागलं, तर एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ८५ अणू येतात. एका अणूच्या वस्तुमानाने गुणलं की घनता येते घन सेंटिमीटरला ८.९४ ग्रॅम. तराजूवर मोजलेली ८.९६. लोखंडाला मात्र हा आकडा लावू नये. नेहमीच्या तापमानाला त्याची मांडणी वेगळी असते, केंद्रघनता ०.१६२४.

मग गणिती तीन मितींवर थांबत नाहीत. २०१६ मध्ये गणिती मरीना व्हियाझोव्स्का यांनी आठ मितींत सर्वांत घट्ट मांडणी कोणती, हा प्रश्न सोडवला: केंद्रघनता १/१६. लगेच चार सहकाऱ्यांसह २४ मितींचाही सोडवला; त्या चारांत अभिनव कुमार हे भारतीय गणिती होते. तिथे केंद्रघनता बरोबर १ येते, आणि भरलेली जागा ०.२ टक्क्यांहूनही कमी. पाचाच्या पुढे मिती वाढल्या की एकक त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळच आटत जातं, म्हणून तिथे टक्केवारीपेक्षा केंद्रघनता जास्त बोलकी ठरते. चार मितींचा प्रश्न मात्र आठ आणि चोवीस सुटल्यावरही अडून राहिला.

[दृश्य: कोयना धरण, मग कराडजवळचा सह्याद्रीचा बेसॉल्ट कडा.]

निवेदन:
भूशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ बदलतो: तिथे केंद्रघनता म्हणजे अगदी मध्यबिंदूवरची घनता. आणि तिथवर कोणी पोहोचलेलं नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर कोयना परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा कराडला आहे, आणि कोयनेत ३ किलोमीटर खोल चाचणी विवर खणलं गेलं. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपतो आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागतो. घट्ट बेसॉल्टची घनता घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅमच्या आसपास, ग्रॅनाइटची २.७. खोल गेलं की घनता वाढतेच असं नाही, हे इथे विवरातल्या खडकातच दिसतं. वरच्या खडकावरून खालचा अंदाज बांधणारे इथेच फसतात.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. ३ किलोमीटर म्हणजे वरचा पापुद्रा. मग मध्यबिंदूवरची घनता १३.१ आहे, हे कशावरून?

पहिला पुरावा सरासरीचा. वस्तुमान भागिले घनफळ, ५.५१. कवचाचा खडक २.७ ते ३, म्हणजे आत जड काहीतरी असणारच. दुसरा पुरावा फिरण्याचा. वजन मध्यापासून किती दूर पसरलंय ते जडत्वगुणांक सांगतो. एकसारख्या घनतेच्या गोळ्याचा तो ०.४ असतो, पृथ्वीचा ०.३३०७. वजन मध्याकडे गोळा झालंय. तिसरा पुरावा भूकंपलहरींचा. त्यांच्या वेगावरून खडक किती दाबला जाईल ते कळतं, आणि थरामागून थर घनता काढत खाली उतरता येतं.

मात्र हा हिशेब थर एकजिनसी असेल तोवरच चालतो. २,८९१ किलोमीटरवर खडक संपून वितळलेलं लोह सुरू होतं आणि घनता ५.६ वरून ९.९ वर उडी घेते. ही उडी समीकरण सांगत नाही. एकूण वस्तुमान आणि जडत्व जुळेल अशी ती बसवावी लागते. भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये दाखवलेला आतला घन गाभा तर पृथ्वीच्या घनफळाच्या जेमतेम ०.७ टक्के. त्याची घनता थोडी इकडेतिकडे केली तरी एकूण वस्तुमानात फारसा फरक पडत नाही. म्हणून १९६० च्या चिलीच्या भूकंपापासून नोंदले गेलेले संपूर्ण पृथ्वीचे कंप इथे निर्णायक ठरले.

सूर्याची केंद्रघनता सुमारे १५०, सरासरीच्या शंभराहून जास्त पट. साध्या वायुगोलाचं जुनं प्रतिमान ५४ पटच सांगतं. उरलेला फरक मुख्यतः केंद्रात साचलेल्या हेलियमचा.

[दृश्य: सांगलीचा नकाशा. गणपती पेठेभोवती एकात एक वर्तुळं, कृष्णेने छेदलेली.]

निवेदन:
बाहेरच्या मोजमापांवरून मध्याची घनता काढायची, हीच रीत शहरांसाठी अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९५१ मध्ये वापरली. मध्यापासून दूर जावं तशी लोकवस्तीची घनता ठरावीक प्रमाणात घटते. घनतेचा लॉगॅरिदम अंतराविरुद्ध मांडला की सरळ रेषा मिळते, आणि ती शून्य अंतरावर जिथे पोहोचते ती शहराची केंद्रघनता.

सांगलीत हे करताना तीन गोष्टी सांभाळायच्या. वर्तुळाच्या क्षेत्रफळातून कृष्णेचं पात्र आणि पूररेषेतली मोकळी जमीन वजा करायची, नाहीतर पश्चिमेची घनता उगाच कमी दिसते. पूर्वेला विश्रामबागेच्या पुढची वर्तुळं घ्यायची नाहीत; तिकडे मिरजेचा स्वतःचा मध्य सुरू होतो आणि रेषा परत वर वळते. आणि पेठेतलं अगदी आतलं वर्तुळ रेषा बसवताना गाळायचं, कारण तिथे दुकानं जास्त आणि रात्री झोपणारी माणसं कमी.