लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा

जून 2020. सगळे घरात अडकलेले, आणि मोबाईलवर अचानक लोणारचे फोटो फिरायला लागले. एरवी हिरवट दिसणारं सरोवर आणि आता बघावं तर कोणीतरी टँकरभर कोकम सरबत ओतून गेल्यासारखं. ज्याला जे सुचेल ते तो फॉरवर्ड करत होता.

गंमत म्हणजे अर्धं उत्तर गावाच्या नावातच होतं. कथा सांगते की इथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं. लवण म्हणजे मीठ.

बुलढाणा जिल्ह्यातला हा खड्डा उल्का आदळून पडलेला, काळ्या बेसाल्ट खडकात, काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर. पाणी आत येतं, पावसाचं, झऱ्यांचं, पण बाहेर जायला वाटच नाही, उन्हाने वाफ होते ती नुसत्या पाण्याची आणि खार सगळा मागे राहतो, वर्षानुवर्षं. पीएच 10 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ साबणाचं पाणी. आणि एरवीचा तो हिरवा रंग? तोही पाण्याचा नाहीच, स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांचा आहे, हो, तीच जी गोळ्या करून मेडिकलमध्ये विकतात.

वनखात्याने नमुने पाठवले, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत. तिथे नमुना थोडा वेळ न हलवता ठेवला तर गुलाबी काहीतरी हळूहळू तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ! रंग विरघळलेला असता तर असा खाली बसला नसता. म्हणजे पाण्यात तरंगणारं काहीतरी होतं, आणि ते जिवंत होतं. हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यातले एकपेशीय जीव.

आता जरा स्वयंपाकघरात चला. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तेच मीठ जंतूंच्या पेशीतलंही पाणी ओढून घेतं, म्हणून तर लोणचं टिकतं. मग हे हॅलोआर्किया मिठात जगतात कसे? तर ते आतच पोटॅशियमचे क्षार भरून ठेवतात, बाहेर जेवढा खार तेवढाच आत, ओढाताणच संपली. पण या युक्तीची किंमत आहे. त्यांची प्रोटीन्स अशा खाऱ्या वातावरणालाच इतकी सरावलेली असतात की यातल्या कित्येकांना गोड्या पाण्यात टाकलं तर पेशी फुटून जाते. आपल्याला मीठ बाधतं, यांना मीठ नसलं की बाधतं! खारवलेल्या मासळीवर कधीकधी लालसर थर येतो तोही यांच्याच भावकीतला.

गुलाबी रंग कशाला मग? गाजराला जी द्रव्यं रंग देतात त्यांच्याच कॅरोटिनॉइड घराण्यातलं रंगद्रव्य ते पेशीच्या पातळ आवरणात ठेवतात. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन माहितीये ना, त्यापासून बचाव.

मायक्रोस्कोपखाली हे बॅक्टेरियासारखेच दिसतात, आणि खूप वर्षं लोक त्यांना बॅक्टेरियाच समजत होते. 1977 मध्ये अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी बाहेरून बघायचं सोडून आत वाचायला घेतलं. प्रत्येक पेशीत प्रोटीन बनवणारा एक कारखाना असतो, रायबोसोम. तुमच्यात आहे, माझ्यात आहे, दह्यातल्या जंतूतही आहे. त्याचा एक भाग आरएनएचा, म्हणजे डीएनएसारख्याच रासायनिक अक्षरांच्या साखळीचा, आणि त्याच्या एका तुकड्यात साधारण 1,500 अक्षरं. आपण म्हणतो ना, दर बारा कोसांवर भाषा बदलते, तसं ही अक्षरं पिढ्यानपिढ्या जराजरा बदलतात, जितका फरक जास्त तितकं नातं लांबचं. वूझनी ताडून बघितलं तर काही जीवांची बोली बॅक्टेरियाशी जुळेचना. घराणंच वेगळं निघालं, आर्किया. यांच्या पेशीभिंतीत बॅक्टेरियासारखं बांधकाम नसतं, म्हणून पेनिसिलिनसुद्धा यांचं काही वाकडं करू शकत नाही. मला तर हे उल्केपेक्षा भारी वाटतं, पण असो.

तर 2020 च्या उन्हाळ्यात झालं इतकंच, की पाणी आटलं, खार वाढला, हॅलोआर्कियांचं फावलं आणि ते इतके माजले की काठावरून उघड्या डोळ्यांनी दिसायला लागले, तेही प्रत्येकी मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या थोडे इकडेतिकडे असलेले जीव. मग पाऊस आला, गोडं पाणी मिसळलं, खार कमी झाला, आणि ती गुलाबी गर्दी बाटलीत बसली होती तशीच तळाला बसायला लागली.