सूसाईंची टपरी आणि आपल्या मंडळीतली जात

बंधुभगिनींनो,

‘ख्रिस्ती नागरिक आणि सामाजिक न्याय’ असा विषय निघाला की आपण लगेच आपल्या शाळा, आपले दवाखाने, कुष्ठरोग्यांची सेवा यांची आठवण काढतो. ती सेवा खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण सेवेने एकेका माणसाचं दुःख हलकं होतं, कायद्यात राहिलेला अन्याय तसाच राहतो. म्हणून आज मी कायद्याच्या एका परिच्छेदाबद्दल बोलणार आहे, जो ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीबाहेर ठेवतो. तो जेमतेम दोन-तीन ओळींचा आहे आणि पंचाहत्तरहून अधिक वर्षं तो आपल्यातल्या सर्वात गरीब घरांवर बसून आहे.

सुरुवात सूसाईंपासून करते. सूसाई मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचे. जात आदि-द्रविड, धर्म ख्रिस्ती. रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकारने फुकट टपऱ्या द्यायचं ठरवलं. त्याच रस्त्यावर तेच काम करणाऱ्या हिंदू चर्मकारांना टपऱ्या मिळाल्या, सूसाईंना मिळाली नाही. ऊन तेच, आरी तीच, गिऱ्हाईकही तेच. सूसाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० सप्टेंबर १९८५ ला निकाल लागला आणि ते हरले.

का हरले, हे आपण नीट समजून घ्यायला हवं, कारण त्या निकालातला एक भाग थेट आपल्याला उद्देशून आहे. धर्मांतरानंतरही जात टिकते एवढं दाखवून भागणार नाही, असं न्यायालय म्हणालं. हिंदू समाजरचनेत त्या जातीमुळे जे भोग वाट्याला येत होते, ते नव्या धर्मसमाजातही तितक्याच तीव्रतेने चालू आहेत, हे सिद्ध करावं लागेल. आणि ख्रिस्ती समाजातल्या प्रत्यक्ष परिस्थितीचा कोणताही अधिकृत, सविस्तर अभ्यास आमच्यापुढे ठेवलेला नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं.

हा अभ्यास कोण ठेवणार होतं? चपला शिवणारा माणूस? तो अभ्यास आपल्या मंडळ्यांकडे, म्हणजे आपल्या चर्चकडे, असायला हवा होता. आपल्याकडे महाविद्यालयं होती, छापखाने होते, शिकलेली माणसं होती. पण दीडशे वर्षं आपण व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगत आलो होतो : ‘यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही, कारण तुम्ही सर्व जण ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात.’ पौलाने गलतीकरांना लिहिलेलं हे वचन मला प्राणापलीकडे प्रिय आहे. पौलाने ते मंडळीला आज्ञा म्हणून दिलं होतं. आपण ते झालेल्या कामाचा दाखला म्हणून वाचू लागलो. सरकारी वकिलांनी तोच दाखला उचलला आणि न्यायालयात आपल्याच गरीब भावंडांच्या विरोधात मांडला : तुमच्या धर्मात जात नाही ना? मग सवलत कसली मागता?

आता त्या परिच्छेदाकडे येऊ. अनेकांना वाटतं की ही गोष्ट १९५० साली सुरू झाली. तिचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३६ मध्ये अनुसूचित जातींची पहिली यादी निघाली. कोणताही भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असं त्या आदेशात स्पष्ट होतं. त्यामागे त्या वेळचा एक हिशेब होता. भारतीय ख्रिश्चनांना कायदेमंडळांत स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. एक माणूस दोन्हीकडे मोजला जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबाशी भांडता येईल, पण निदान तो हिशेब होता.

पुढे संविधान सभा बसली. आपल्या समाजाचे नामवंत तिथे होते. एच. सी. मुखर्जी सभेचे उपाध्यक्ष होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचं काम त्यांच्याकडे होतं. येशूसंघाचे फादर जेरोम डिसूझा होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करायचं ठरलं आणि ख्रिस्ती सभासदांनी ते मनापासून मान्य केलं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आपण वेगळेपण मागू नये, ही त्यांची भावना उदात्त होती. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या राखीव जागांच्या आधारावर १९३६ चा हिशेब उभा होता त्या जागा गेल्या, आणि वगळणं मात्र राहिलं. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शीख समाजातल्या चार जातींचा अपवाद तेव्हाच केला होता. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ, पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण, सगळं या एका परिच्छेदाच्या उंबरठ्यावर अडलं.

हा परिच्छेद दगडावर कोरलेला नव्हता. १९५६ मध्ये सगळ्या दलित शिखांसाठी तो बदलला. १९९० मध्ये बौद्धांसाठी बदलला. बौद्धांच्या लढ्याकडे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी विशेष बारकाईने पाहायला हवं. १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो लोकांची केंद्रातली सवलत कागदोपत्री गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राकडून न्याय मिळायला १९९० उजाडावं लागलं. तेवढी वर्षं त्या समाजाने हा प्रश्न सोडला नाही. मोर्चे काढले, निवेदनं दिली, प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला जाब विचारला. शेवटी सरकारने मान्य केलं की धर्म बदलल्याने त्यांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती बदललेली नाही. हेच वाक्य अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या मातंग ख्रिस्ती घराबद्दल खोटं ठरतं का?

अहिल्यानगरचं नाव मुद्दाम घेतलं. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे काम सुरू केलं. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. आपल्या इतिहासात आपण बाबा पदमनजींबद्दल बोलतो, रेव्हरंड टिळकांबद्दल बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण त्या भागातल्या मंडळ्या भरल्या त्या महार आणि मांग वस्त्यांतून आलेल्या माणसांनी. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, तिथेही मांग कुटुंबंच मोठ्या संख्येने आली. ही माणसं येशूकडे आली तेव्हा त्यांची जमीन वाढली नाही, वस्ती गावाच्या मधोमध सरकली नाही, पाटलाची नजर बदलली नाही. नाव बदललं, देव भेटला, मुलं शिकू लागली. हे थोडं नाही. पण गावाने त्यांना जिथे ठेवलं होतं, तिथेच ठेवलं.

आणि मंडळीने? इथे आपल्याला अवघड वाटेल असं मी बोलणार आहे. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली. तमिळनाडूतल्याच एरैयूरमध्ये दलित ख्रिश्चनांनी वेगळ्या धर्मग्रामाची (पॅरिशची) मागणी केली, कारण त्यांची प्रेतयात्रासुद्धा मुख्य रस्त्याने चर्चपर्यंत जाऊ शकत नव्हती. मार्च २००८ मध्ये तिथे ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती अशी दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. केरळात पोयकयिल योहन्नान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, स्वतःला वरच्या जातीचे मानणाऱ्या सीरियन ख्रिस्ती मंडळ्यांतली वागणूक असह्य होऊन, आपला वेगळा मार्ग काढला. त्याच केरळात २०१८ साली एका दलित ख्रिस्ती तरुणाला त्याच्या पत्नीच्या ख्रिस्ती घरच्यांनी जातीपायी मारलं, आणि न्यायालयाने त्या खुनाला प्रतिष्ठेपायी झालेला खून ठरवलं.

आपण म्हणू, हे दक्षिणेकडचं. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे ख्रिस्ती समाजातल्या जातींचे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. वसईत सोयरीक ठरवताना सामवेदी, वाडवळ, कोळी हा विचार होत नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आणि आपल्या भागात, ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाची पत पाचव्या पिढीतही कशी वेगळी असते, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी पाहिलं होतं. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलेल्या टिपणांत मिशनऱ्यांच्या कामाबद्दल आदर आहे, आणि दोन कठोर आक्षेप आहेत. मिशनच्या उच्च शिक्षणाचा पैसा मुख्यतः वरच्या जातींच्या कामी आला, हा एक. दुसरा असा की भारतीय ख्रिस्ती हा समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी उठला नाही. दुसरा आक्षेप वाचताना मला आजही राग येतो, आणि तो बाबासाहेबांवर नसतो.

बदल झालेलाच नाही असं नाही. दर १० ऑगस्टला अनेक मंडळ्या काळा दिवस पाळतात. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये शिफारस केली की तिसरा परिच्छेद काढून टाकावा आणि अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून पूर्ण मोकळा करावा. २००८ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी दलित मुस्लिम आणि दलित ख्रिश्चनांच्या स्थितीचा अभ्यास करून दिला. सूसाईंच्या वेळी न्यायालयाला जे हवं होतं, त्या दिशेचं हे पहिलं भक्कम पाऊल. २०१६ मध्ये भारताच्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि त्यात मान्य केलं की अस्पृश्यता चर्चमध्ये आहे. देशातल्या एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित आहेत, हेही त्यातच आलं. २०२२ मध्ये अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि दोन वर्षांत अहवाल मागितला. मुदत पुढे पुढे जात राहिली.

आपली माणसं या दरम्यान कशी जगतात? अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्याला इतर मागासवर्गात धरतात, पण तो प्रवर्ग वेगळा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याला लागू नाही. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’ असतं आणि रविवारी तेच कुटुंब प्रभुभोजनाला बसतं. मुलाचं कागदावरचं नाव वेगळं, बाप्तिस्म्याचं वेगळं. या लोकांना ढोंगी म्हणणारे मी ऐकले आहेत, आपल्या मंडळीतलेही. मला ते फार निष्ठुर वाटतं. ज्या कायद्याने माणसाला मुलाची शिष्यवृत्ती आणि ख्रिस्ताचं नाव यांतलं एक निवडायला लावलं, त्या कायद्याला आपण काही विचारत नाही. विहित रीतीने परत हिंदू झाला की जात आणि सवलत परत मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. म्हणजे जात कुठे गेलेलीच नव्हती, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

एक रास्त शंका आपल्या हिंदू आणि बौद्ध दलित भावंडांची आहे : आधीच अपुऱ्या ताटात आणखी जेवणारे कशाला? ही शंका झटकू नका. मिशनच्या शाळांमुळे थोडं पुढे गेलेले ख्रिस्ती सगळ्या जागा नेतील, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. माझं मत असं की आपण लोकसंख्येच्या प्रमाणात टक्का वाढवून मागावा, आणि १ ऑगस्ट २०२४ च्या सात न्यायाधीशांच्या निकालाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाला, म्हणजे आत वेगळे गट करायला, मोकळीक दिली आहे, तिचा आधार घेऊन आपला वेगळा उपगट मान्य करावा. हे त्यांच्यासोबत बसून ठरवावं. दलित मुस्लिमांना बाजूला ठेवून फक्त ख्रिश्चनांसाठी मागणी करणाऱ्या निवेदनावर मी सही करणार नाही.

सरकार कधी हलेल ते हलेल. संविधानाच्या तिसाव्या कलमाने आपल्या संस्था आपल्या हातात दिल्या आहेत. आपल्या महाविद्यालयांत दलित ख्रिस्ती विद्यार्थी किती, प्राध्यापक किती, पाळक आणि विश्वस्त किती, हे मोजायला संसदेची परवानगी लागत नाही. प्रत्येक मंडळीने हे आकडे काढून नोटीस बोर्डावर लावावेत. विवाहाच्या नोंदवह्या आपल्याकडेच आहेत. पन्नास वर्षांत किती लग्नं जातीबाहेर झाली, हे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण मंडळाला काढता येईल. न्यायालयाने १९८५ मध्ये मागितलेला अभ्यास या कपाटांत पडून आहे.

लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. तिच्याकडे पैसा नव्हता, ओळख नव्हती. प्रतिवादीविरुद्धची तक्रार मात्र पक्की होती. आपली तक्रार पक्की करायची तर आधी कागद हवेत. ज्यांच्या घरी जात प्रमाणपत्र नाकारल्याचं पत्र, पडताळणी समितीचा निकाल किंवा पोलिसांनी अत्याचाराचा गुन्हा न नोंदवता परत पाठवल्याचा कागद असेल, त्यांनी त्याची प्रत काढून ठेवावी. दोन वकील भगिनी बाहेर टेबलापाशी बसल्या आहेत. नाव उघड न करता त्या नोंद घेतील. मी पण रात्री नऊपर्यंत तिथेच आहे.